आमची घरगुती एसटी: दोन वर्षांच्या मुलाचा थीम वाढदिवस घरच्या घरी कसा करावा

आमच्या गॅलरीतून समोरचा एसटीचा विनंती थांबा दिसतो. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला तिथं एक लाल गाडी थांबते, दार आपटतं, टिंग टिंग होतं आणि गाडी निघते. आमची मनू दीड वर्षाची असल्यापासून हा सोहळा गजांना नाक लावून बघत आली आहे. तिच्या तोंडी 'टीटी' म्हणजे एसटी. त्यामुळे तिच्या दुसऱ्या वाढदिवसाला काय करायचं, हा प्रश्न खरं तर आम्हाला पडायलाच नको होता.

पण पडला, कारण पहिल्या वाढदिवसाचा अनुभव गाठीशी होता. तेव्हा हॉल घेतला होता, फुग्यांची कमान होती, ऐंशी माणसं होती. संध्याकाळी साडेसातची वेळ. उत्सवमूर्ती केक येण्याआधीच रडून रडून आजीच्या खांद्यावर झोपली. फोटोत केक कापताना आम्ही दोघंच आहोत.

दुसरा वाढदिवस घरी केला. त्यात बरंच फसलं, बरंच जमलं. पहिल्यांदाच करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून क्रमानं लिहिते आहे.

तीन आठवडे आधी: थीम ठरवा

थीम हा शब्द नवा असला तरी प्रकार आपल्याकडे जुनाच आहे. बोरन्हाण आठवा. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं-चुरमुरे आणि ते वेचायला जमलेली गल्लीतली पोरं. पोशाख ठरलेला, खाऊ ठरलेला, खेळ ठरलेला, आणि घरी जाताना मुलांची ओंजळ भरलेली. एवढा बिनचूक बेत कुठल्याही पार्टीवाल्याला जमणार नाही.

बोरन्हाणातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिथं सजावट आणि खेळ वेगळे नसतात. जे अंगावर पडतं तेच वेचायचं, तेच घरी न्यायचं. दोन वर्षांच्या मुलाला भिंतीवरच्या सजावटीत काडीचा रस नसतो. ज्याला हात लावता येतो, जे ढकलता, भरता, ओतता येतं, तेवढंच त्याच्या लेखी असतं. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला: जे मुलांच्या हातात जाणार नाही ते बनवायचं नाही. वेळ आणि पैसे, दोन्ही निम्म्यावर आले.

थीम शोधायची तर आठवडाभर मुलाकडे नुसतं बघा. ते रोज कशाकडे बोट दाखवतं? कुठला आवाज काढतं? मोबाइलवरच्या चित्रातलं पात्र निवडायचा मोह होतो, कारण त्याच्या छापील प्लेट आणि टोप्या बाजारात तयार मिळतात. पण त्या पात्राचं मुलानं करायचं काय? रोजच्या बघण्यातली गोष्ट घेतली की खेळ आपोआप सुचतात. भाजीमंडई घ्या: तराजू, कापडी पिशवी, खरे बटाटे आणि दोडके. पाऊस घ्या: छत्र्या, गमबूट, परातीत पाणी आणि कागदी होड्या. गोठा घ्या: उशांच्या गाई आणि गवताच्या पेंढ्या. परदेशात वाढणाऱ्या मुलाला एसटी कशी ठाऊक असणार? त्याच्या दारावरून जी बस किंवा ट्राम जाते ती करा.

थीम ठरली की तिचे तीनच खेळ लिहून काढा. तीन सुचले नाहीत तर थीम बदला. आमचे तीन असे: तिकीट घेणं, रुमाल टाकून जागा धरणं आणि गाडी चालवणं.

वेळ आणि माणसं

या वयाच्या मुलांसाठी दीड तास पुरतो. त्यापुढे ती कंटाळतात, आणि कंटाळली की चावतात. वेळ मुलाच्या झोपेवरून ठरवायची, पाहुण्यांच्या ऑफिसवरून नाही. मनू साडेबाराला झोपते, म्हणून आम्ही रविवारी सकाळी साडेदहा ते बारा ठेवलं. ज्यांचं मूल दुपारी झोपून चारला उठतं त्यांनी पाच ते साडेसहा ठेवावं.

'सकाळी कुणी वाढदिवस करतं का?' हे तुम्हाला ऐकावं लागेलच. आम्हीही ऐकलं. त्यावर तोडगा सासूबाईंनीच काढला: तिथीनं आणि तारखेनं असे दोन भाग करायचे. तिथीच्या दिवशी घरची मोठी माणसं, तेल-उटणं लावून आंघोळ, पाटावर बसवून औक्षण, जेवणात शेवयांची खीर. मुलांची धमाल तारखेच्या जवळच्या रविवारी. आजी-आजोबांचा मान राहतो आणि रविवारी घरात गर्दी होत नाही.

मुलं किती बोलवायची, तर तुमच्या सतरंजीवर पाय पसरून बसतील तेवढी. आमच्याकडे सहा झाली. प्रत्येकाबरोबर एक किंवा दोन मोठी माणसं येणारच, म्हणजे सहाचे सोळा होतात. हा गुणाकार आधी करा.

निमंत्रणात संपण्याची वेळ लिहायला लाजू नका. आम्ही पाठवलेला मजकूर असा होता: 'आमची एसटी रविवारी सकाळी साडेदहाला सुटेल आणि बाराला आगारात परतेल. प्रवासी दोन वर्षांचे असल्यामुळे गाडी वेळेवर सुटेल. खाऊत काही चालत नसेल तर आधी कळवा. आहेर नको, तुमच्या मुलाचं वाचून झालेलं एखादं चित्रांचं पुस्तक चालेल.' खाऊबद्दलच्या ओळीमुळे एका मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे हे आधी समजलं. नाहीतर मी कोशिंबिरीला कूट लावून मोकळी झाले असते.

दोन आठवडे आधी: गाडी बांधा

फ्रिजचं किंवा वॉशिंग मशीनचं खोकं लागतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन दिवस आधी सांगून ठेवलं तर सहसा फुकट मिळतं. किराणा दुकानाची खोकी घेऊ नका. ती लहान असतात, शिवाय त्यांतून झुरळं घरात येतात.

बंद डब्यासारखी पूर्ण बस करू नका. दोन वर्षांची सहा मुलं एका खोक्यात बसत नाहीत. बसली तर त्यांतलं एक घाबरतं आणि बाकीची त्याच्यावर पडतात. गाडीचं तोंड आणि एक बाजू, एवढं पुरे. आतल्या जागेत घरातले पाट दोन-दोन मांडायचे, की झाली सीट. पाट नसतील तर घट्ट उशा घ्या. दुसरी बाजू मोकळी ठेवायची, म्हणजे रडणाऱ्याला उचलता येतं.

खिडक्यांचं माप काळजीनं घ्या. इथं मी सपशेल फसले. माझ्या नजरेला बरं दिसेल अशा उंचीवर, जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर खिडक्या कापल्या. मनूला पाटावर बसवलं तर तिच्यासमोर नुसता पुठ्ठा. ती उठून बाजूनं बाहेर बघू लागली. मग खाली पुन्हा खिडक्या कापल्या आणि आमची एसटी दुमजली झाली. दोन वर्षांचं मूल उभं राहिलं तर साधारण 85 सेंटिमीटर उंच असतं आणि पाटावर बसलं की डोळे 45 सेंटिमीटरच्या आसपास येतात. त्यामुळे खिडकीची खालची कड 35 वर, वरची 55 वर आणि बाजूची एकूण उंची 70 सेंटिमीटर ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे मुलाला पाटावर बसवा आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलनं खूण करा.

कापलेल्या कडांना कागदी किंवा कापडी चिकटपट्टी लावा, पुठ्ठ्याची कडही कापते. स्टेपलरच्या पिना आणि टाचण्या कुठंच वापरू नका. बाजू उभी राहण्यासाठी मागं जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या ठेवून पायांना सुतळीनं आखूड बांधा. सुतळीची टोकं लोंबती ठेवू नका, मुलं ती गळ्यात घालतात.

आता रंग. पोस्टर कलर स्वस्त आणि छान लाल मिळतो, पण घामेजल्या हाताला लागतो. त्यात थोडं फेविकॉल मिसळलं तर सुटत नाही. एकाच बाजूला रंग दिला की पुठ्ठा वाळताना पापडासारखा वळतो, म्हणून मागच्या बाजूलाही पातळ हात मारा आणि सपाट ठेवून वाळवा. रंगाचा व्याप नको असेल तर लाल घोटीव कागद चिकटवा.

कागद चिकटवायला घरची खळ उत्तम. दोन चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. जुन्या पद्धतीत कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी असतो आणि आपलं गिऱ्हाईक पुठ्ठा चाटणारं आहे. अजिबात घालू नका.

पाटी लिहायचं काम घरातल्या चांगल्या अक्षरवाल्याला द्या. आमची पाटी होती: 'स्वयंपाकघर ते गॅलरी, मार्गे देवघर'. मागच्या बाजूला आजोबांनी स्वतःहून 'वाट पाहीन पण एसटीनेच जाईन' लिहिलं. ते मुलांसाठी नव्हतं, पण नियमाला एवढा अपवाद केला.

स्टिअरिंग: जितकी मुलं तितकी

या भागाला वेगळा मथळा दिला, कारण अख्ख्या बेतातली ही सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे.

या वयाची मुलं एकमेकांबरोबर खेळत नाहीत, एकमेकांच्या शेजारी खेळतात. 'आता त्याचा नंबर, मग तुझा' हे त्यांना कळत नाही. एका गाडीला एक स्टिअरिंग ठेवलंत तर पहिल्या पाच मिनिटांत केसांची ओढाताण होईल. आमच्या गाडीत सहा ड्रायव्हर होते. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचं, ताटलीएवढं, साधारण 22 सेंटिमीटरचं चाक, मधे मुलाचं नाव आणि भोंग्याचा पिवळा गोल. पुठ्ठ्याचे दोन थर चिकटवले की ते दुमडत नाही. दोन जास्तीची करा, कारण कुणाचा तरी मोठा भाऊ येतोच आणि एक चाक सरबतात पडतंच.

भांडण होईल अशी वस्तू एक तर सगळ्यांना द्यायची, नाहीतर ठेवायचीच नाही. आमची पेडलची गाडी आम्ही त्या दिवशी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली होती.

तिकिटं, घंटी आणि कंडक्टर

तिकिटं जाड कार्डशीटची कापा, तळहाताएवढी. ती तोंडात जाणारच, पातळ कागदाचा लगदा होतो. आमच्या तिकिटावर मी 'पुणे ते नगर' लिहिलं, कारण एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी याच मार्गावर धावली होती. मुलांना त्याचं काय? पण त्यांच्या आजोबांना होतं. दोघा आजोबांची चहा पिताना पहिल्या एसटी प्रवासावर चांगली अर्धा तास गाडी लागली आणि मुलांच्या मधे मधे करायचं ते विसरले.

तिकिटांच्या दरावरून हशाही झाला. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं, पंच्याहत्तरीच्या पुढे फुकट. म्हणजे आमच्या गाडीत पूर्ण तिकीट फक्त बाबा लोकांना. ते कंडक्टरनं त्यांच्याकडून वसूल केलं: प्रत्येकानं वाढपाची एक फेरी.

कंडक्टर घरातल्या बोलक्या माणसाला करा. आमच्याकडे मामा होता. खाकी शर्ट, खांद्याला चामडी पिशवी आणि हातात ऑफिसातलं एका भोकाचं पंच. तिकीट पंच करताना पडणारे कागदाचे गोल पिशवीतच पडतील असं बघा. मामानं मिशी लावायची म्हटलं तेव्हा मी हात जोडले. ओळखीचा चेहरा बदलला की दोन वर्षांचं मूल किंचाळतं. मुखवटे आणि मोठ्या बाहुलीच्या पोशाखातली माणसं याच कारणासाठी नकोत.

घंटीसाठी माझा डोळा देव्हाऱ्यातल्या घंटेवर होता. सासूबाईंनी 'ती देवाची आहे, एसटी महामंडळाची नाही' म्हणून विषय संपवला. मग सायकलची घंटी आणली. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हा कंडक्टरचा नियम मुलांना इतका चटकन कळला की मीच चकित झाले. दोन टोले पडले की सगळी घुर्र करत चाकं फिरवायची, एक टोला पडला की चिडीचूप. पूर्ण दीड तासात गोंगाट आवरायचं यापेक्षा चांगलं साधन सापडलं नाही.

भिंतीवरची सजावट थोडक्यात उरका. पताका कागदाच्या दोन माळा, त्या मुलांच्या हाताबाहेर. फुगे आम्ही टाळले. फुटला की मुलं दचकतात, आणि रबराचा तुकडा घशात बसला तर श्वास कोंडतो. बटणासारखे सेल असलेले चमकते दिवे आणि तशाच सेलवर चालणाऱ्या खोट्या मेणबत्त्याही आणू नका. ते सेल गिळले गेले तर अन्ननलिका भाजते.

छोट्या वस्तूंसाठी एक सोपी चाचणी आहे. टॉयलेट पेपर संपल्यावर उरते ती पुठ्ठ्याची नळी घ्या. तिच्यातून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायचं नाही. आदल्या रात्री ही नळी घेऊन घरभर फिरा. सोफ्याखाली काय काय निघतं ते बघाच.

केक: एकदा आधी करून बघा

मी रव्याचा केक केला. अंडं नाही, क्रीम नाही, आणि फार गोडही नाही. दीड कप बारीक रवा, पाव कप मैदा, पाऊण कप साखर, पाऊण कप दही, अर्धा कप साजूक तूप आणि लागेल तसं कपभर दूध. हे सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं, रवा फुलतो आणि पीठ घट्ट होतं. मग एक चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून हलक्या हातानं ढवळायचं आणि लगेच लांबट पावाच्या साच्यात ओतायचं. ओव्हनमध्ये 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. ओव्हन नसेल तर कुकर: तळाला मिठाचा थर, त्यावर जाळी, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढलेली, मंद आचेवर पाऊण तास. पाणी घालायचं नाही. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झाला.

लांबट साच्यातून निघालेला केक आयताच बसच्या आकाराचा असतो. वर फुगलेला भाग कापून सपाट करा. ते तुकडे स्वयंपाकघराबाहेर जात नाहीत.

लाल रंगाची कथा अशी. बाटलीतला रंग नको म्हणून तालमीच्या वेळी मी पिठात बिटाचा रस घातला. कच्चं पीठ काय सुरेख दिसत होतं, गुलालासारखं! चाळीस मिनिटांनी साच्यातून वीट निघाली. बिटाचा रंग उष्णतेनं उडतो, त्यात सोडा पडला की आणखी लवकर. आठवडाभर आधी करून बघितला म्हणून वाचले.

मग रंग आत न घालता बाहेर लावला. अर्धा किलो घट्ट दही फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये टांगलं की साधारण पाव किलो चक्का मिळतो. तो गाळणीवर घोटून त्यात चार-पाच चमचे पिठीसाखर आणि किसलेल्या कच्च्या बिटाचा पिळून काढलेला रस, फक्त दोन चमचे. जास्त घातला तर मातकट वास येतो आणि चक्का सैल पडतो. हा थर केकवर सुरीनं पसरायचा. खिडक्यांना खोबऱ्याच्या वडीचे पातळ चौकोन, दिव्यांना चपटे पेढे, चाकांना चॉकलेटी बिस्किटं. चक्का लावलेला केक फ्रिजमध्ये ठेवा आणि बिस्किटं आयत्या वेळी लावा, नाहीतर ती मऊ पडून गाडी पंक्चर होते.

गाडी अर्थात लाल झाली नाही, गुलाबी झाली. मनूनं बघितलं आणि 'टीटी!' म्हणून पुढच्या चाकाचा लचका तोडला.

एसटी कँटीनचा बेत

कँटीन म्हटलं की वडा, भजी आणि चहा. मोठ्यांसाठी आम्ही तोच बेत ठेवला. मुलांचं वेगळं: लहान ताटल्यांतल्या बारक्या इडल्यांवर तूप, वाटीनं गोल कापलेली मुगाची धिरडी (ही चाकं), वाफवलेल्या गाजराचे आणि रताळ्याचे बोटभर तुकडे, केळं, आणि पातळ गोडसर ताक. मिरची कशातच नाही. प्रत्येकाला झाकणाच्या लहान डब्यात वेगळं वाढलं, त्यामुळे हिसकाहिसकी टळली. उरलेलं घरीही नेता आलं.

एसटी स्टँडवरचा खरा खाऊ म्हणजे लिमलेटच्या गोळ्या, चिक्की आणि खारे दाणे. थीमच्या नादात तो ठेवायचा मोह मलाही झाला होता. अख्खे दाणे, फुटाणे, पॉपकॉर्न आणि कडक गोळ्या पाच वर्षांखालच्या मुलांपुढे ठेवू नयेत, घशात अडकतात. द्राक्षं द्यायची तर उभी चिरून चार फोडी करा. मोठ्यांचा चिवडा टेबलावर मागच्या बाजूला ठेवा, आणि मुलांना खाताना पळू देऊ नका. कुठलाही खाऊ बसूनच.

त्या दिवशी सकाळी

साडेदहाला पहिलं मूल आलं. आल्या आल्या दारातच तिकीट आणि चाक हातात द्यायचं. नव्या घरात बुजलेल्या मुलाला हाताला काहीतरी काम मिळतं. सगळे जमेपर्यंत पंधरा मिनिटं मोकळं फिरू द्या.

मग रुमाल. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं आपल्या सगळ्यांच्या रक्तात आहे, हे मला त्या दिवशी पटलं. प्रत्येक मुलाला वेगळ्या रंगाचा रुमाल दिला. बाहेर उभं राहून खिडकीतून आत टाकायचा, पलीकडून जाऊन आणायचा, पुन्हा टाकायचा. मी या खेळाला पाच मिनिटं धरली होती. पंचवीस मिनिटं चालला. जे चाललंय ते चालू द्या. कागदावरचा कार्यक्रम पूर्ण करायच्या हट्टानं चालता खेळ मोडू नका.

त्यानंतर गाडी सुटली. दोन टोले, घुर्र, एक टोला, थांबा. मामा थांब्यांची नावं पुकारत होता: 'आजीचं घर! बाग! दवाखाना!' दवाखान्याला एक पोरगी रडली, तेवढा थांबा गाळा.

सव्वाअकराच्या सुमाराला, मुलं अजून ताजी असताना औक्षण आणि केक. शेवटी ठेवू नका. निरांजन ओवाळताना मूल ज्योतीला हात लावायला धावतं, म्हणून एकानं मागून हात धरून बसावं आणि तबक मुलाच्या हातापासून लांब असावं. सुपारी आणि अंगठी ओवाळून झाली की लगेच मुठीत घ्या. दोन्ही वस्तू नळीच्या चाचणीत नापास होणाऱ्या आहेत. तांदूळ डोळ्यांत जातात, दोन-चार दाणे डोक्यावर पुरे.

गाणं हळू म्हणा. वीस मोठी माणसं टाळ्या वाजवत एकदम ओरडली की मूल घाबरतं. पहिल्या वाढदिवसाच्या रडण्याचं मूळ तेच होतं असं मला आता वाटतं. मेणबत्ती केकच्या बाजूला काढलेल्या एका तुकड्यावर लावा. फुंकर म्हणजे निम्मी थुंकीच असते, ती सगळ्यांच्या वाट्याला कशाला?

फोटोचं काम एकाच माणसाकडे द्या आणि बाकीच्यांचे मोबाइल खिशात राहू द्या, असं सांगायचं ठरवलं होतं. कुणी ऐकलं नाही.

जाताना मुलांनी आपापलं चाक, रुमाल, तिकीट आणि उरलेल्या खाऊचा डबा नेला. वेगळी रिटर्न गिफ्ट घ्यायची गरजच पडली नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी मनूनं गाडीत पाटांच्या मधे अंग टाकलं आणि चाक छातीशी धरून झोपली. गाडी लगेच मोडू नका. पार्टीच्या गोंधळात मुलाला नीट खेळायला मिळालेलं नसतं, खरा खेळ दुसऱ्या दिवशी सुरू होतो. आमची एसटी दिवाणखान्यात तीन आठवडे उभी होती. मग पुठ्ठ्याला ओल धरायला लागली तेव्हा चिकटपट्ट्या काढून घडी घातली आणि रद्दीवाल्याला दिली. पाटी आजोबांनी त्यांच्या खोलीच्या दाराला लावली आहे.